ताटाएवढा स्वच्छ डाग

माणूस पहिलं खोटं दारातच बोलतो. "आमच्याकडे तशी घाण नाही हो, नुसता वरवर हात फिरवा." हे वाक्य मी इतक्या दारांत ऐकलंय की एखाद्यानं ते म्हटलं नाही तर मला पत्ता चुकल्यासारखं वाटतं. घाण नाही, तर मला काय गप्पा मारायला बोलावलंत? असं तोंडावर म्हणायचं नसतं. मी म्हणतो. म्हणून माझी गिऱ्हाइकं थोडी आहेत, आणि आहेत ती जुनी आहेत.

मी कार्पेट धुतो. लोकांच्या घरी जाऊन, भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेली कार्पेटं, गुडघ्यांवर बसून. मिशा पांढऱ्या झाल्यापासून समोर मला काका म्हणतात, आणि मी जिन्यात असतानाच फोनवर कुणाला तरी सांगतात, "तो कार्पेटवाला येऊन गेला." वर विचारतात, "पाणी आणि साबणच ना शेवटी?" हो, पाणी आणि साबणच. ऑपरेशन म्हणजे पण सुई आणि दोराच असतो. स्वतःचं करून बघा एकदा.

घरात माणसं काय करतात हे शेजाऱ्यांच्या आधी कार्पेटला कळतं, आणि त्याच्याकडून मला. पलंगाच्या एकाच बाजूला झिजलेलं असलं की समजायचं, दुसऱ्या बाजूचा माणूस हल्ली बाहेरच्या खोलीत झोपतो. आजोबांच्या खुर्चीखाली गोळ्या सापडतात, ज्या त्यांनी सुनेसमोर तोंडात टाकलेल्या असतात. कपाटामागच्या कोपऱ्यात नखांचं लाल रंगाचं पॉलिश सांडलेलं असतं आणि त्यावर कात्रीनं केस कापावेत तसं कार्पेट कापलेलं असतं, आणि घरातली मुलगी मी तिथं पोचलो की पाणी प्यायला निघून जाते. मला सगळं कळतं आणि मी काही बोलत नाही. हा सभ्यपणा नव्हे. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू जात नाही.

या धंद्यानं मला गेलेले गुडघे दिले आणि खाली बघायची खोड दिली. कुणाच्याही घरी गेलो की मी आधी जमिनीला भेटतो, मग माणसांना. बायकोला हे अजिबात चालत नाही. तिची चुलत बहीण आजारी होती तेव्हा आम्ही बघायला गेलो, आणि ती बिचारी पडल्या पडल्या बोलत असताना मी म्हणे पायानं कार्पेटची लव उलटी करून बघत होतो. मला आठवत नाही. पण केलं असेल. लोकर होती.

एवढं सांगायचं कारण म्हणजे पोरगी.

पोरगी माझी एकुलती एक. इस्पितळात एक्स-रे काढते. लोकांची हाडं बघते आणि कुणाला सांगत नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं. तिनं एक मुलगा पसंत केला. तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो. मी त्याला दातवाला म्हणतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा तो माझ्याशी बोलताना सारखा माझ्या वरच्या दाढांकडे बघत होता. पोरगी लाजली. मला मात्र तो तेव्हाच आवडला. माणूस कामाचा होता.

अडचण दातवाल्याची नव्हती, त्याच्या आईची होती. पोरगी सरळ म्हणाली, "आमचं दोघांचं ठरलंय. पण त्याच्या आईच्या मनाविरुद्ध मी त्या घरात जाणार नाही. माझ्या मैत्रिणीचं बघितलंय, जन्मभर कुरबुर. या रविवारी आपण त्यांच्याकडे जायचं. सगळं नीट झालं तर पुढच्या रविवारी ते आपल्याकडे येतील, आणि त्याची आई आपल्या घरी बसून चहा प्यायली की झालं."

"आणि नीट नाही झालं तर?"

"तर नाही येणार. बाबा, मी एकच मागते. दोन तास खाली बघू नका."

"मग कुठं बघू?"

"माणसांच्या तोंडाकडे बघतात लोक."

बायको म्हणाली, "त्यांना कसं माहीत असणार."

रविवारी मी चांगला शर्ट घातला. जिना चढताना बायकोनं परत बजावलं, "अहो, वर. मान वर." दातवाल्याच्या आईनं दार उघडलं. ताठ बाई, केस एकही इकडचा तिकडे नाही. तिच्या मागं तिचे मिस्टर, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. जगात कुठंही गळती असेल तर ती आपल्यालाच आधी कळणार, असा चेहरा. मनात मी त्यांचं नाव गळती खातं ठेवलं. दारातच बूट काढायला सांगितलं. काढले. मोजे नवे होते, बायकोनं सकाळीच हातात दिले होते.

आणि पायाखाली लोकर.

आता मी बघितलं नाही, पण पायांना डोळे असतात त्याला मी काय करू. दाट, जुनी, चांगल्या विणीची. आणि आत वाळू. चालताना बारीक कच लागते, साखर सांडलेल्या फरशीसारखी. मी सोफ्यावर बसलो आणि गळती खात्याच्या तोंडाकडे बघू लागलो.

"आमच्याकडे कार्पेटवर कुणी कधी काही सांडलं नाही," दातवाल्याची आई म्हणाली. मी विषय काढला नव्हता. "पाहुण्यांची मुलं आली तर मी त्यांना स्वयंपाकघरात बसवते. रंग बघा, जसाच्या तसा आहे."

रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा होता. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पोरगी माझ्याकडे बघून हसली, आणि मला वाटलं, निभावलं.

चहा आला. गळती खात्यानं मला विचारलं, धंदा कसा चाललाय. मी म्हटलं, लोक चालतात तोवर चालणार. ते हसले. दातवाला हसला. त्याची आई पण ओठांच्या एका कोपऱ्यातून हसली. मग टीपॉय थोडा सरकला आणि त्याच्या पायाखालचा जुना खळगा उघडा पडला. माझी नजर तिथं गेली. मी नेली नाही, आपोआप गेली. बायकोला ते दिसलं आणि तिनं मला कोपरानं ढोसलं. माझ्या हातात कप भरलेला होता.

कार्पेटवर चहा सांडतो तेव्हा आवाज होत नाही. फरशीवर होतो. म्हणून कार्पेटवरचा जास्त वाईट वाटतो.

दातवाल्याची आई उठली, ओलं फडकं घेऊन आली आणि गुडघ्यावर बसून जोरजोरात चोळायला लागली. माझ्यासमोर. लोकर. गोल गोल.

मी तिचा हात धरला. "चोळायचं नाही," मी म्हटलं. ज्या आवाजात मी मशीन चालू असताना बोलतो त्या आवाजात म्हटलं. खोलीत मशीन नव्हतं.

पुढचं मी केलं असं म्हणण्यापेक्षा माझ्या हातांनी केलं. मी तिच्या स्वयंपाकघरात गेलो, तिची कपाटं उघडली, पांढरं व्हिनेगर काढलं, वाटीत गार पाणी घेतलं, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकला, पांढरे नॅपकिन घेतले. टिपायचं, दाबायचं, उचलायचं. कडेकडून आत यायचं. चहा ताजा होता, लगेच निघाला.

तिथं थांबायचं. आमच्या कामात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. सगळं कार्पेट धुवायचं नसेल तर डाग फक्त शेजारच्या घाणीइतकाच काढायचा आणि कडा तिच्यात मिसळून द्यायच्या. डाग गेला पाहिजे, पण जागा उठून दिसता कामा नये. कुणी नमुना म्हणून मधेच एक तुकडा चकचकीत करून ठेवला तर बाकीची खोली ओरडायला लागते. काही हलकट मुद्दाम तसं करतात, काम मिळवायला. मी तसं आयुष्यात केलं नाही.

पण चहाखाली दुसरं काहीतरी होतं, आणि त्याच्याखाली तिसरं. नॅपकिन राखाडी येत होता. राखाडी येतोय तोवर माझा हात थांबत नाही. तो पांढरा आला तेव्हा मी मान वर केली.

सोफ्यासमोर, खोलीच्या बरोबर मधे, ताटाएवढी जागा सायीच्या रंगाची झाली होती.

दातवाला म्हणाला, "अरे, हे असं होतं?"

गळती खातं म्हणालं, "घेतलं तेव्हा असंच होतं."

दातवाल्याची आई पुढं आली. तिनं वाटी उचलली, व्हिनेगर उचललं, आणि आत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. बूट घालताना बायकोनं विचारलं, "मग पुढच्या रविवारी?" गळती खातं म्हणालं, "बघू. हिला विचारून कळवतो." पाण्याच्या खात्यात 'बघू' म्हणजे काय ते सगळ्या शहराला माहीत असतं.

पोरगी घरी येईपर्यंत थांबली. दार लावून घेतल्यावर म्हणाली, "लोक पाहुण्यांकडे जाताना फुलं नेतात."

"मी सांडलं नाही. तुझ्या आईनं ढोसलं."

"सांडलं त्याचं कुणाला काही नाही, बाबा. तुम्ही त्यांच्या घरात त्यांनाच घाणेरडं म्हणालात."

"मी एक शब्द बोललो नाही."

"तेच तर. बोलला असतात तर माफी तरी मागता आली असती."

तिचा बाप कोण आहे ते तिच्या बोलण्यावरून कळतं.

मंगळवारी धंद्याच्या फोनवर फोन आला. बाईचा आवाज. हॉलचं कार्पेट धुवायचंय, लोकर आहे, उद्या दुपारी जमेल का. मी सवयीनं विचारलं, "नाव काय लिहू?"

"रविवारी तुम्ही आमच्याकडे आला होतात," ती म्हणाली.

घरचा नंबर तिच्याकडे होता. बायकोनं स्वतः दिला होता. तिनं रविवारी खाली उभ्या असलेल्या माझ्या कामाच्या गाडीवर रंगवलेला नंबर लावला. म्हणजे मला काय समजायचं ते मी समजलो. मी येतो म्हटलं.

पोरीला कळल्यावर ती जेवता जेवता थांबली. "जाऊ नका. दुसऱ्या कुणाला पाठवा. तुम्ही गुडघ्यावर बसून त्यांचं कार्पेट धुतलंत तर त्या घरात तुम्ही कायमचे तेच राहाल."

"मी कायमचा तोच आहे."

"मला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळतंय."

कळत होतं. व्याही म्हणून गेलेला माणूस तीन दिवसांनी मशीन घेऊन गेला, तर पुढं लग्नात त्याला कुठं बसवायचं हा प्रश्न पडतो. पण मधे एक ताट पांढरं करून ठेवायचं आणि पळून जायचं, हेही मला जमण्यासारखं नव्हतं. तो माझा डाग होता. मळाचा असो नाहीतर स्वच्छपणाचा.

बायको म्हणाली, "जा. पण कामाचा शर्ट घालून जा. चांगल्या शर्टात काय झालं ते बघितलं."

बुधवारी दार तिनंच उघडलं. दातवाला कामावर होता. गळती खातं घरात होतं, आणि सामान हलवायला त्यालाच लावलं. धंद्यात तसा नियमच आहे, सामान घरच्यांनी हलवायचं. बिचाऱ्याची सोफा उचलताना दमछाक झाली. मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. जिन्यावर नव्हतो, तरी ते "जपून, जपून" म्हणत होते.

मी तिला आधीच सांगितलं, "बाई, धुतल्यावर मळ जाईल आणि झिजलेलं दिसेल. आत्ता मळानं झाकलंय. मग मला म्हणायचं नाही."

"दिसू दे," ती म्हणाली.

मशीन लावलं. पाणी फवारायचं, लगेच ओढून घ्यायचं, एक पट्टा झाला की दुसरा. लोकरीला गरम चालत नाही, ओलं ठेवलेलं चालत नाही, घाई चालत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी काम करताना एवढा वेळ बघितलेलं नाही. लोक आतल्या खोलीत जाऊन टीव्ही लावतात. मला तिचा राग आला. मग कळलं की मी नेहमीपेक्षा बरं काम करतोय, आणि जास्त राग आला.

घाण पाण्याची टाकी भरली. हल्लीची पोरं ती टाकी गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरतात, बघा तुमच्या घरात काय होतं. मला ते नीचपणाचं वाटतं. मी झाकण लावून मोरीकडे निघालो.

"दाखवा," ती म्हणाली.

"काही बघण्यासारखं नाही."

"माझ्या घरातलं आहे. दाखवा."

मी झाकण काढलं. पाणी काळं होतं. वर केस, धागे. ती वाकून बघत राहिली. गळती खातं पण आलं. त्यांनी आयुष्यभर गढूळ पाण्याच्या तक्रारी ऐकल्या होत्या, ते एक पाऊल मागं सरकले.

"हे मी रोज झाडते," ती म्हणाली. "ब्रशनं. गुडघ्यावर बसून. हा मुलगा रांगत होता तेव्हापासून रोज सकाळी, ताप असला तरी. आणि तुम्ही आलात, चहा सांडलात, आणि माझ्या मुलासमोर एका वाटीत मला गबाळी करून दाखवलंत."

मला उत्तरं बरीच सुचली. ब्रशनं वरचं निघतं, वाळू खाली जाते, त्यात तुमचा दोष नाही. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. ते खरं आहे. पण तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. माझी नजर आपोआप खालीच जाते. साडीखाली काय दिसणार, पण ती उभी होती तशी मी उभा राहतो. एका पायावर भार, दुसरा जरा वाकवलेला, म्हणजे डावा जास्त गेलेला.

मी म्हटलं, "डावा ना?"

"काय डावा?"

"गुडघा."

तिनं पाय सरळ केला. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझा उजवा."

मग मी मोरीत पाणी ओतलं. आणि परत येऊन जे म्हणायला हवं होतं ते म्हटलं, पण तिच्याकडे न बघता, मशीनची नळी सोडवता सोडवता. "मी चहा काढून थांबायला पाहिजे होतं. कुणी मला माझ्या कामावर काम करून दाखवलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं. तुम्ही वाटी उचलून आत गेलात."

"मला पण ढकलावंसं वाटलं होतं," ती म्हणाली.

"माझं वजन जास्त आहे."

गळती खातं हसलं आणि तिनं बघितल्यावर थांबलं.

हॉल ओला, त्यामुळे वाळेपर्यंत बसायला जागा स्वयंपाकघराचीच. पाहुण्यांच्या मुलांना बसवतात ती. एक लहान टेबल, तीन स्टुलं. हॉलमधे बसलो असतो तर ती सोफ्यावर आणि मी खाली असं झालं असतं. इथं तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. तिनं चहा केला. मी कप दोन्ही हातांनी धरला. तिनं ते बघितलं. मग तिनं विचारलं, पोरगी सकाळी लवकर उठते का. मी म्हटलं, इस्पितळात पहाटेची पाळी असते, न उठून सांगते कुणाला. स्वयंपाक? तिची आई म्हणते येतो, मला अजून पुरावा मिळायचा आहे. "आणि तुमच्याकडे कसलं कार्पेट आहे?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे कार्पेट नाही. फरशी आहे. दिवसभर हेच बघायचं आणि घरी येऊन परत हेच?"

ती पहिल्यांदा दोन्ही कोपऱ्यांनी हसली. रविवारचं मात्र काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर कामाच्या बदल्यात मागितल्यासारखं झालं असतं.

दुपार उलटत आली तेव्हा बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण, मशीनच्या आवाजानं झोपमोड झालेली. दारातून तिला हॉल दिसला. सायीचा रंग, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मधे खिडकीकडे जाणारी झिजलेली वाट पण दिसत होती, पण तिनं ती बघितली नाही, लोक बघत नाहीत.

"अगं बाई, नवीन घातलंस?"

"जुनंच आहे. धुतलं."

शेजारणीनं माझ्याकडे बघितलं. ओली पँट, वर केलेल्या बाह्या, हातात पंख्याची वायर. मग माझ्याशी न बोलता तिला म्हणाली, "चांगला दिसतो गं हा. नंबर दे ना याचा. आमचं पण करून घेते. कुठून आणलास?"

मी पंखा लावत राहिलो. दातवाल्याची आई दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. तिला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी पंख्याचं तोंड उगाचच दोनदा फिरवलं.

"हे आमचे व्याही आहेत," ती म्हणाली.

शेजारीण गोंधळली. माझ्या पँटकडे बघितलं, कार्पेटकडे बघितलं. "अय्या. मला वाटलं... म्हणजे हे करत नाहीत का बाहेरचं?"

"करतो," मी म्हटलं. "व्याही झालो म्हणून धंदा सोडलेला नाही. नंबर घ्या. पण सामान तुम्ही हलवायचं."

"मग रविवारी येता का? मला तोच दिवस मोकळा असतो."

मी तोंड उघडायच्या आत दातवाल्याची आई म्हणाली, "रविवारी नाही जमायचं त्यांना. आम्ही सगळे त्यांच्याकडे जाणार आहोत. सोमवारी बघ."

शेजारणीनं सोमवार घेतला. दार लागलं. गळती खातं आतून विचारत होतं की सोफा आता परत आणू का. मी वाकून पंजानं लोकर दाबून बघितली. कोपरा अजून गार लागत होता.

"इतक्यात नको," मी म्हटलं. "बसा अजून थोडा वेळ."